पातेल्यावरचा रवा आणि पॅरिसची सोफी



हे भाषण रेकॉर्ड करायच्या आदल्या दिवशी आम्ही केंद्राच्या खोलीत एक उद्योग केला. एका पातेल्याच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी बांधली, वर चिमूटभर रवा भुरभुरला आणि पातेल्याजवळ तोंड नेऊन जोरात ‘ऊऽऽ’ असा सूर लावला. काहीच झालं नाही. रवा होता तिथंच. पिशवी सैल राहिली होती. मग सुतळीचे चार वेढे घेऊन ती ढोलकीच्या पानासारखी कडक आवळली आणि पुन्हा सूर लावला. या वेळी रवा थरथरला, उडाला आणि सरकत सरकत एका वेड्यावाकड्या रेघेत जाऊन बसला. सूर थोडा चढवला, तर ती रेघ मोडली आणि रवा दुसऱ्याच जागी गोळा झाला. आमच्यातली एक जण म्हणाली, “अगं बाई, ही तर रांगोळीच घातली कुणीतरी!”

पातेल्याला कुणी हात लावला नव्हता. फुंकरही मारली नव्हती. फुंकरीनं रवा नुसता उडून जातो, रेघेत बसत नाही. मग त्याला हलवलं कुणी, आणि अमुक जागीच बस असं सांगितलं कुणी? आज आम्ही या प्रश्नाची गोष्ट सांगणार आहोत. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिस शहरातल्या मोठमोठ्या विद्वानांना हा प्रश्न पडला होता. त्याला भिडायला पुढं आली ती एकच व्यक्ती, आणि ती होती कधी शाळा-कॉलेजात न गेलेली एक बाई.

पण आधी आवाज म्हणजे काय, ते बघून घेऊ. बाजाराच्या दिवशीची एसटी डोळ्यांपुढं आणा. मुंगी शिरायला जागा नाही. मागच्या बाजूनं कंडक्टर ओरडतो, “चला, पुढं सरका!” आणि शेवटच्या बाईला जरा ढकलतो. ती तिच्या पुढचीवर रेलते, ती तिच्या पुढचीवर, असं होत होत धक्का पार ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत जातो. बाया मात्र पुन्हा आपापल्या जागी. कुणी पुढं गेलं नाही, गेला तो धक्का. आवाज असाच जातो. ढोलकीवर थाप पडली की पान आत-बाहेर हलतं, शेजारच्या हवेला ढकलतं, ती हवा पुढच्या हवेला ढकलते आणि शेवटी तो धक्का आपल्या कानाच्या पडद्यावर येऊन आदळतो. अशा एकामागून एक येणाऱ्या धक्क्यांना लाट म्हणतात. मुलांच्या पुस्तकात तिला तरंग म्हटलेलं असतं. धक्के सेकंदाला जितके जास्त, तितका आवाज बारीक. डासाचे पंख भुंग्यापेक्षा कितीतरी जलद हलतात, म्हणून भुंगा घूं घूं करतो आणि डास कानाशी पिंपाणी वाजवतो.

ढकलायला काहीतरी हवं, हे यातलं मुख्य. इंग्लंडमध्ये १६६० च्या सुमारास रॉबर्ट बॉइलनं काचेच्या भांड्यात वाजणारी वस्तू ठेवून पंपानं आतली हवा काढली. हवा जसजशी कमी झाली तसतसा आवाज क्षीण होत गेला. वस्तू मात्र काचेतून दिसत होती. म्हणजे आवाजाला हवा लागते, उजेडाला लागत नाही. उजेडाचं काय ते पुढं येईलच.

आणि हवेतून जाणारा हा धक्का काही फार पळत नाही. सेकंदाला साधारण ३४० मीटर, म्हणजे एक किलोमीटर जायला त्याला तीन सेकंद लागतात. वीज चमकली की मनातल्या मनात आकडे मोजा आणि गडगडाट ऐकू आला की आकड्याला तिनानं भागा. तितके किलोमीटर लांब वीज पडली. तीस मोजायच्या आत गडगडाट आला, तर खुरपं तिथंच टाकून पक्क्या घरात जा. झाडाखाली थांबू नका. हे आजच्या विषयात थोडं आडवं आलं, पण पावसाळ्याच्या तोंडावर न सांगता राहवलं नाही.

आता रवा. आमच्याही आधी हा उद्योग रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रजानं केला होता, १६८० मध्ये, आणि तोही पिठानं! काचेच्या पत्र्यावर पीठ पसरून त्यानं कडेवरून व्हायोलिनचा गज ओढला, तर पिठात आकृत्या उमटल्या. पण हे काम नावारूपाला आणलं ते एर्न्स्ट क्लाडनी या जर्मन माणसानं. वडिलांच्या हट्टापायी तो वकिली शिकला. त्याचा जीव मात्र आवाजात अडकलेला. पितळेच्या किंवा काचेच्या पातळ पत्र्यावर बारीक वाळू टाकायची, एक-दोन जागी बोटानं दाबून धरायचं आणि कडेवरून गज फिरवायचा. पत्रा गाऊ लागला की वाळू पळत जाऊन रेघांमध्ये बसायची. चांदण्या, चौकडे, वर्तुळं, नागमोडी वळणं. १७८७ मध्ये त्यानं या नक्ष्यांची चित्रं असलेलं पुस्तक छापलं आणि पुढं गावोगाव फिरून लोकांना प्रयोग दाखवायला लागला, आपल्याकडं पूर्वी गावात तंबूचा सिनेमा यायचा तसा.

वाळू रेघेतच का बसते, हे समजायला घरातलं दावं पुरेसं आहे. दाव्याचं एक टोक खुंटीला बांधा आणि दुसरं हातात धरून वर-खाली हलवा. हलवण्याची लय जमली की दाव्याला दोन फुगे येतात आणि बरोबर मध्ये एक जागा येते, ती जागची हलतच नाही. झालं काय, की हातापासून निघालेली लाट खुंटीवर आपटून परत येते आणि येणाऱ्या लाटेला भेटते. काही ठिकाणी दोघी मिळून जोर वाढवतात. काही ठिकाणी एक वर ओढते नि दुसरी खाली ओढते, तिथं दोघींचं मिळून काहीच राहत नाही. पत्र्यावर तेच होतं. जिथं पत्रा उसळतो तिथून वाळू उडवली जाते आणि जिथं तो शांत असतो तिथं येऊन ती विसावते. दोन लाटा भेटल्यावर एखाद्या जागी शून्य होऊ शकतं, एवढी गोष्ट लक्षात ठेवा. तिचं काम पुढं पडणार आहे.

क्लाडनी १८०८ मध्ये पॅरिसला आला. नेपोलियनसमोरही त्यानं प्रयोग केला. नेपोलियनला लढायांच्या खालोखाल गणिताची आवड. या नक्ष्या का उमटतात याचं गणित मांडून दाखवेल त्याला ३००० फ्रँक किमतीचं सोन्याचं पदक मिळेल, असं त्याच्या सांगण्यावरून तिथल्या विज्ञान अकादमीनं १८०९ मध्ये जाहीर केलं. मुदत दोन वर्षं. दाव्याचं किंवा तारेचं गणित लोकांना येत होतं, पण पत्रा लांबीलाही हलतो आणि रुंदीलाही. त्या काळचा मोठा गणिती लाग्रांज म्हणाला, हे करायला आजचं गणित पुरं पडणार नाही. हे ऐकून भलेभले बाजूला झाले. मुदत संपली तेव्हा अकादमीच्या हातात एकच निबंध होता. तो पाठवला होता सोफी जर्मेननं.

सोफीचा जन्म १७७६ चा, पॅरिसमधल्या रेशमाच्या व्यापाऱ्याच्या घरी. ती तेरा वर्षांची असताना फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, रस्त्यावर दंगली सुरू झाल्या आणि पोरीला घराबाहेर पडायची बंदी झाली. घरात वडिलांची पुस्तकं होती. त्यात तिनं आर्किमिडीजची गोष्ट वाचली. तो वाळूवर काढलेल्या आकृतीत इतका गढला होता की शत्रूचा शिपाई समोर येऊन उभा राहिला तरी त्याचं लक्ष नव्हतं आणि त्यातच तो मारला गेला. सोफीला वाटलं, ज्या गोष्टीत माणूस जिवाची शुद्ध विसरतो ती गोष्ट आपल्याला आलीच पाहिजे. ती गणित शिकायला बसली, एकटीच, पुस्तकातून.

घरच्यांना हे पसंत नव्हतं. मुलीच्या जातीला गणित कशाला! रात्री तिनं जागू नये म्हणून तिच्या खोलीतली शेगडी आणि मेणबत्त्या काढून घेत, गरम कपडेही उचलून नेत, असं सांगतात. ती अंगाभोवती गोधड्या लपेटून, लपवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात बसे. एका सकाळी ती टेबलावरच झोपलेली सापडली, दौतीतली शाई थंडीनं गोठलेली. त्यानंतर आईवडिलांनी हात टेकले, आणि पुढं जन्मभर वडिलांनीच तिचा खर्च चालवला. हेही सांगायला हवं, कारण दर वेळी आईवडिलांनाच खलनायक करायची आपल्याला सवय झाली आहे.

१७९४ मध्ये पॅरिसला मोठं तंत्रविद्यालय निघालं. मुलींना प्रवेश नव्हता. पण तिथल्या व्याख्यानांच्या वह्या मिळवता येत आणि विद्यार्थ्यांनी आपलं टिपण लिहून द्यायचं अशी पद्धत होती. सोफीनं ल ब्लाँ नावाच्या एका मुलाच्या नावानं टिपण पाठवलं. ते वाचून लाग्रांज चकित झाला, म्हणाला, या मुलाला भेटलं पाहिजे. भेटल्यावर मुलगा नाही, मुलगी आहे हे कळलं. त्यानं तिला नाकारलं नाही, उलट आपण होऊन मार्गदर्शन करायला लागला.

तरी वर्गात बसून पायरी-पायरीनं शिकणं वेगळं आणि मिळेल ते पुस्तक मिळेल तेव्हा वाचणं वेगळं. हे अंतर १८११ च्या त्या निबंधात दिसलं. सोफीची मूळ कल्पना चांगली होती. पत्रा जितका वाकवावा तितका तो परत सरळ व्हायला बघतो, आणि ही परत फिरण्याची ओढ त्याच्या वाकण्यावर अवलंबून असते, असं तिनं धरलं होतं. पण पुढच्या आकडेमोडीत चुका होत्या. बक्षीस नाही मिळालं. लाग्रांज परीक्षकांपैकी होता; त्यानं तिच्याच कल्पनेवरून योग्य समीकरण काढून दाखवलं. अकादमीनं मुदत दोन वर्षं वाढवली.

१८१३ मध्ये तिनं दुसऱ्यांदा निबंध दिला. आता समीकरण बरोबर होतं आणि त्यातून निघणाऱ्या नक्ष्या प्रत्यक्ष पत्र्यावरच्या नक्ष्यांशी जुळत होत्या. पण समीकरण तिथपर्यंत कसं आलं, त्या पायऱ्या कच्च्या होत्या. परीक्षकांनी शाबासकी दिली, पदक दिलं नाही. मुदत पुन्हा वाढली. याच सुमारास सिमेओं प्वासाँ नावाचा तरुण गणिती अकादमीचा सभासद झाला होता. सभासदांना स्पर्धेत उतरता येत नसे. तरी स्पर्धा चालू असतानाच, १८१४ मध्ये, त्यानं त्याच विषयावर आपला निबंध अकादमीत वाचला. त्यात सोफीच्या कामाचा उल्लेख नव्हता, आणि तिनं विचारलेल्या प्रश्नांवर मोकळेपणानं बोलायचंही त्यानं टाळलं. प्वासाँ हुशार होता, यात शंका नाही. पण आमचं मत विचाराल तर, एकाच विहिरीवर पाणी भरताना आपला पोहरा वर काढून दुसरीच्या पोहऱ्याचा दोर सोडून देण्यातला हा प्रकार.

सोफी तिसऱ्यांदा बसली. या वेळी तिनं निबंध स्वतःच्या नावानं दिला. ८ जानेवारी १८१६ ला तिला पदक जाहीर झालं. पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस मिळवणारी ती पहिली बाई. समारंभाला ती गेली नाही. परीक्षकांनी तेव्हाही काही शंका नोंदवून ठेवल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्या रास्त होत्या. पत्र्याच्या कडांचं गणित पुरतेपणी सुटलं ते १८५० मध्ये, किर्खोफ या जर्मन शास्त्रज्ञाकडून. पण त्या गणिताचं मुख्य समीकरण तेच राहिलं, जे सोफीच्या कल्पनेतून आणि लाग्रांजच्या दुरुस्तीतून आलं होतं. पातळ पत्रा कसा हलेल, कसा वाकेल याचा हिशेब करताना इंजिनियर लोक आजही तिथूनच सुरुवात करतात.

पदक मिळाल्यावरही अकादमीच्या बैठकांना तिला बसता येत नव्हतं. तिथं बायकांना प्रवेश मिळायचा तो सभासदाची बायको म्हणून. सोफीचं लग्न झालेलं नव्हतं. काही वर्षांनी फुरिए हा तिचा गणिती मित्र अकादमीचा सचिव झाला, तेव्हा कुठं तिला दार उघडलं.

आता त्याच अकादमीत, त्याच वर्षांत, दुसरं एक भांडण पेटलं होतं. तुम्हाला वाटेल विषय बदलला, पण नाही. तेही लाटांचंच होतं, फक्त उजेडाच्या.

उजेड म्हणजे काय, याबद्दल दोन पक्ष होते. न्यूटनसारखा माणूस म्हणाला होता, उजेड म्हणजे दिव्यातून सुटणारे बारीक कण, सुपातून उडणाऱ्या कोंड्यासारखे. त्याच्या शब्दाला इतका मान, की शंभर वर्षं बहुतेकांनी तेच धरलं. हॉलंडच्या हायगेन्सनं लाटेचा विचार मांडला होता, तो मागं पडला. मग लंडनच्या थॉमस यंग नावाच्या डॉक्टरनं १८०३ मध्ये एक साधा प्रयोग केला. बंद खोलीत खिडकीच्या बारीक छिद्रातून एक किरण आत घेतला आणि त्याच्या वाटेत पातळ कार्डाची धार आडवी धरली. किरण दोन्ही बाजूंनी कार्डाला वळसा घालून गेला आणि भिंतीवर सावलीत उजळ-काळे पट्टे उमटले. एका बाजूचा उजेड अडवला की ते पट्टे गायब. म्हणजे उजेडात उजेड मिसळला की कुठं कुठं अंधार होतो! कणात कण मिसळून कण कमी कसे होतील? सुपात धान्य घातलं तर वाढेलच. पण लाटेत लाट मिसळून शून्य होऊ शकतं, दाव्यावर आपण ते पाहिलं.

हे तुम्हालाही बघता येईल. पिठाच्या गिरणीजवळ किंवा एसटी स्टँडवर पावसाच्या पाण्यावर डिझेलचा थेंब पसरला की रंगीत चट्टे दिसतात. डिझेलला रंग नाही, पाण्याला रंग नाही. तेलाच्या वरच्या अंगावरून परतलेली आणि खालच्या अंगावरून परतलेली, अशा दोन लाटा आपल्या डोळ्यात भेटतात. जाडीप्रमाणे एखादा रंग जोर धरतो, एखादा मिटतो. आणखी सोपं म्हणजे दोन बोटं जवळजवळ चिकटवा आणि मधल्या फटीतून दिव्याकडं बघा. सूर्याकडं नको. फट अगदी बारीक झाली की तिच्यात काळ्या उभ्या रेघा दिसतील.

फ्रान्समध्ये ऑगस्तँ फ्रेनेल नावाचा रस्ते-पुलांच्या खात्यातला तरुण इंजिनियर याच गोष्टीच्या मागं लागला होता. अकादमीनं उजेड कडेवरून कसा वळतो यावर बक्षीस ठेवलं, तेव्हा १८१८ मध्ये त्यानं लाटांचं गणित पाठवलं. परीक्षकांत कोण होतं? आपला प्वासाँ. तो कणांच्या पक्षाचा. त्यानं फ्रेनेलचं गणित घेतलं आणि त्यातूनच एक विचित्र गोष्ट काढून दाखवली. हे गणित खरं असेल, तर एखाद्या गोल चकतीच्या सावलीच्या अगदी मधोमध उजेडाचा ठिपका पडला पाहिजे. सावलीच्या पोटात उजेड! असं कधी कुणी पाहिलंय? म्हणजे गणितच चूक, असं त्याचं म्हणणं.

दुसरा परीक्षक आरागो म्हणाला, बघू तरी. त्यानं दोन मिलीमीटरची धातूची चकती, म्हणजे आपली बारकी टिकली म्हणा, मेणानं काचेवर चिकटवली आणि तिची सावली तपासली. मधोमध ठिपका होता. चकतीच्या कडेवरून आत वळलेल्या सगळ्या लाटा बरोबर मध्यावर एकाच वेळी पोचतात आणि एकमेकींचा जोर वाढवतात, म्हणून तो पडतो. १८१९ मध्ये बक्षीस फ्रेनेलला मिळालं. गंमत अशी, की त्या ठिपक्याला आजही बरेच जण प्वासाँचा ठिपका म्हणतात. ज्यानं तो नसणारच असं सांगितलं, त्याचंच नाव. सोफीच्या समीकरणाला मात्र बहुतेक पुस्तकांत तिचं नाव नसतं. पुढं १८८९ मध्ये पॅरिसचा आयफेल टॉवर उभा राहिला तेव्हा त्यावर फ्रान्सच्या ७२ विद्वानांची नावं कोरली. लाग्रांज आहे, प्वासाँ आहे, फ्रेनेल, आरागो, फुरिए सगळे आहेत. त्यांत बाई एकही नव्हती.

सोफी तेव्हा हयात नव्हती. स्तनाच्या कर्करोगानं १८३१ मध्ये ती गेली, पंचावन्नाव्या वर्षी. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या जागी गणिती असं लिहिलं नाही. उत्पन्नावर जगणारी बाई, असं लिहिलं.

उजेड आणि आवाज दोन्ही लाटा, तर मग वागण्यात इतका फरक का? भिंतीपलीकडून सासूबाईंची हाक ऐकू येते, सासूबाई दिसत नाहीत. फरक लाटेच्या लांबीचा आहे. बाईच्या साध्या बोलण्यातल्या आवाजाची एक लाट पाच-साडेपाच फूट लांब असते, दार-कोपऱ्याला सहज वळसा घालते. उजेडाची लाट इतकी बारीक, की खसखशीच्या एका दाण्याच्या रुंदीत दोन हजार लाटा मावतात. तिचं वळणंही तितकंच बारीक, म्हणून टिकलीएवढी चकती आणि बारीक फट घ्यावी तेव्हा ते दिसतं. शिवाय उजेडाला हवेचा आधार लागत नाही, म्हणून सूर्याचा उजेड रिकाम्या आकाशातून आपल्यापर्यंत येतो, सेकंदाला तीन लाख किलोमीटर वेगानं. (विसाव्या शतकात कळलं की उजेड काही बाबतीत कणासारखाही वागतो. म्हणजे न्यूटनचं म्हणणं अगदीच वाया गेलं नाही. पण ती गोष्ट वेगळी आणि लांब आहे.)

वाळू टाकून आवाज बघायची युक्ती पुढं फिरत राहिली. वेल्समधली गायिका मार्गारेट वॉट्स ह्यूज हिनं १८८५ च्या सुमारास भांड्यावर रबराचा पडदा ताणून, त्यावर वाळू टाकून आपल्या गळ्यातून नक्ष्या काढल्या. आमचं पातेलं म्हणजे तिचीच नक्कल. आपल्याकडं ही वाळू तबल्यावर आली. सी. व्ही. रामन यांना प्रश्न पडला होता, की साधा ढोल नुसता धडधडतो आणि तबला, मृदंग सुरात कसे बोलतात? त्यांनी पानावर बारीक वाळू पसरून थाप कशी उमटते ते पाहिलं. मधली काळी शाई पानाचं वजन असं वाढवते, की एरवी विस्कळीत होणारी कंपनं तारेसारखी सुरात बसतात. कोण जाणे कोणत्या कारागिरानं हे शेकडो वर्षांपूर्वी हातानं आणि कानानं शोधलं असेल. रामन यांनी त्याचं गणित १९२० मध्ये आणि पुढं १९३४ मध्ये जगापुढं मांडलं. उजेडाबद्दलचा त्यांचा शोध १९२८ चा, ज्याच्यामुळं आपल्या मुलांच्या शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन होतो.

याच रामन यांच्या बंगलोरच्या प्रयोगशाळेत १९४० मध्ये केरळकडची एक मुलगी आली, अन्ना मणी. हिरे आणि माणकं उजेडात कशी चमकतात, कोणत्या लाटा गिळतात नि कोणत्या परत देतात, हे तिनं शोधलं. फोटोच्या एकेका काचेवर नोंद उमटायला पंधरा-वीस तास लागत, म्हणून ती रात्र-रात्र प्रयोगशाळेत काढायची. स्वतःच्या एकटीच्या नावावर तिनं पाच शोधनिबंध छापले आणि १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाला दिला. पीएच.डी. मिळाली नाही. कारण? तिच्याकडं एम.एस्सी.ची पदवी नव्हती. कामात खोट काढली नाही, कागदात काढली. बचत गटाच्या कर्जाचा अर्ज एका सहीसाठी परत आलेल्या बायांना हे वेगळं समजावून सांगायला नको. १९४८ मध्ये अन्ना मणी पुण्याला हवामान खात्यात आल्या. पाऊस, वारा, ऊन मोजायची यंत्रं तोवर बाहेरून यायची. ती इथंच बनावीत म्हणून त्यांनी कारखाना मार्गी लावला, नकाशे काढले, एकेक यंत्र तपासून घेतलं. १९७६ मध्ये त्या खात्याच्या उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाल्या. पीएच.डी. त्यांना कधी मिळाली नाही, आणि त्याचं फारसं वाईट वाटून घेतलं नाही असं त्या सांगत.

आता शेवटी आपल्या या खोलीबद्दल. भिंतींवर गोधड्या टांगलेल्या बघून नव्या आलेल्या बाया हसतात. इथं आवाजाची लाट भिंतीवर आपटून परत आली तर बोलणं घुमतं. गोधडी ती लाट पिऊन टाकते. समोरच्या माइकमध्ये ढोलकीच्या पानासारखा एक बारीक पडदा आहे. आमच्या बोलण्यानं तो हलतो, त्या हलण्याची वीज होते आणि वरच्या मनोऱ्यावरून लाट सुटते, सेकंदाला नऊ कोटींहून जास्त वेळा हेलकावणारी. ही लाट उजेडाच्याच घराण्यातली, फक्त लांबीला दहा-अकरा फूट, म्हणून डोळ्याला दिसत नाही. आमच्या आवाजाप्रमाणं तिचे हेलकावे किंचित कमी-जास्त होतात, आणि तुमचा रेडिओ त्यातून परत आवाज काढतो. ती उजेडाच्याच वेगानं जाते. त्यामुळं यंत्रांत जाणारा वेळ सोडला, तर थेट कार्यक्रमात आमचा शब्द दहा किलोमीटरवर रेडिओ कानाला लावून बसलेल्या तुम्हाला आधी ऐकू येतो, आणि आमच्यापासून दहा फुटांवर उभी असलेल्या मैत्रिणीला नंतर.

रव्याचा प्रयोग करायचा असेल तर पिशवी अगदी कडक ताणा, रवा कोरडा आणि बारीक घ्या, आणि सूर एकच धरून लांबवा. मीठही चालतं, पण दमट हवेत ते चिकटून बसतं. पोरांना सूर लावायला सांगा, त्यांचा बारीक आवाज आमच्यापेक्षा चांगली नक्षी काढतो. कोणती उमटली, ते कागदावर काढून केंद्रावर आणून द्या. इथल्या दाराजवळच्या फळ्यावर आम्ही लावू.